पिन गरम लागली की थांबा : घरच्या बोर्डावर ग्राइंडर, कटर, ब्रेकर पहिल्यांदाच चालवणाऱ्यांसाठी

सांगलीत मी ड्रिल, ग्राइंडर, मार्बल कटर, ब्रेकर (काँक्रीट-फरशी फोडायचं मशीन) अशी मशिनं भाड्याने देतो. सकाळी नेलेलं मशीन संध्याकाळी परत यायचं असतं. पण अधूनमधून एखादं दुपारीच येतं, आणि आणणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "मालक, मशीन बादच दिलंत की." मी वाद घालत नाही. काउंटरमागच्या सॉकेटमध्ये लावतो, बटण दाबतो. चालू होतं. मग पिन हातात घेऊन उजेडात बघतो. तीन पितळी दांड्यांपैकी एकीला काळा-निळा डाग पडलेला असतो आणि तिच्या बुडाशी प्लॅस्टिक जरासं फुगून बसलेलं असतं. मशीन ठणठणीत असतं. जळालेला असतो तो त्यांच्या घरातला बोर्ड.

तो डाग का पडतो आणि पडू नये म्हणून काय करायचं, तेवढंच इथं सांगतो. वायरिंग कसं करायचं ते सांगणार नाही. ते परवाना असलेल्या वायरमनचं काम. एक शब्दांचा घोळ आधीच मिटवू. आपल्याकडे भिंतीतल्या छिद्रांनाही पिन म्हणतात आणि वायरीच्या टोकाच्या दांड्यांनाही. यापुढे भिंतीतलं ते सॉकेट आणि वायरीच्या टोकाला असतं ते पिन टॉप.

१. आधी मशीनची पाटी वाचा

मशीनच्या अंगावर मुठीजवळ एक पाटी असते. तिच्यावर वॅट तरी लिहिलेले असतात नाहीतर अँपिअर. नुसते वॅट असले तर २३० ने भागा. ८५० वॅटचा चार इंची ग्राइंडर पावणेचार अँपिअरच्या आत-बाहेर. १३०० वॅटचा मार्बल कटर साडेपाचच्या पुढे. १५०० वॅटचा ब्रेकर साडेसहा. सात इंची ग्राइंडर २००० वॅटचा धरला तर पावणेनऊ, आणि लोखंडी पाइप कापायचं चौदा इंची मशीन २४०० वॅटचं असलं तर साडेदहा.

हे आकडे मशीन सुरळीत चालत असतानाचे आहेत. बटण दाबल्या क्षणी मशीन याच्या काही पट ओढतं. चकती फरशीत अडकून मोटार थबकली की पुन्हा तसंच होतं. नवा माणूस कटर दाबून चालवतो. त्याला वाटतं, जोर लावला की काम लवकर होईल. दाबाने मोटार मंदावते, मंदावली की जास्त करंट खाते, आणि त्या करंटचा त्रास बोर्डापर्यंत पोचतो. चकतीला तिच्या वेगाने कापू द्या. आवाज खाली उतरला की हात सैल सोडा.

२. सॉकेट बघा, आणि त्याच्या मागे काय आहे तेही

आपल्याकडे दोन मापं चालतात, ६ अँपिअरचं छोटं आणि १६ अँपिअरचं मोठं. जुन्या बोर्डांवर ५ आणि १५ लिहिलेलं दिसेल. ते यांचेच थोरले भाऊ. छोट्यावर जास्तीत जास्त १३८० वॅट, मोठ्यावर ३६८० वॅट. हा झाला कागदावरचा हिशोब. माझा स्वतःचा नियम त्याहून कडक आहे : पाटीवर १००० च्या वर वॅट दिसले की मोठं सॉकेट. १३०० वॅटच्या कटरलाही छोटं पिन टॉप लावून देतात. आकड्यात ते बसतं, पण दहा वर्षं मोबाइलचे चार्जर सोसलेल्या सॉकेटमध्ये ते बसत नाही. माझ्याकडच्या सगळ्या कटरांना मी सोळाची पिन टॉप बसवून घेतली आहेत. गिऱ्हाइकं कुरकुरतात. कुरकुरू देत.

आता बोर्डावरची एक खोड. हल्ली बहुतेक बोर्डांवर छोटी-मोठी दोन्ही पिन जाईल असं जोड-सॉकेट असतं. छोट्या पिनची फेजची (करंट आणणाऱ्या तारेची) दांडी साधारण ५ मिलिमीटर जाड, मोठ्या पिनची ७. आत पितळी पट्ट्यांची चिमट असते. त्या चिमटीत रोज इस्त्रीची जाड दांडी जात असेल, तर ती त्या मापाला सैलावते. मग तुम्ही तिथं ग्राइंडरची बारीक दांडी घालता आणि ती आत डुगडुगते. पिन टॉप घातल्यावर बोटाने हलकेच हलवून बघा. हललं, किंवा स्वतःच्या वजनाने खाली झुकलं, तर ते सॉकेट तुमच्या कामाचं नाही.

मोठी पिन छोट्या सॉकेटमध्ये बसवायला स्वस्तातला कन्व्हर्टर मिळतो. तो इकडचा लोड तिकडे पोचवतो, सॉकेटची ताकद वाढवत नाही. मोठी पिन छोट्यात जात नाही, ही अडचण मुद्दाम करून ठेवलेली आहे. त्यावर उपाय शोधू नका. पिन टॉप तुटलं म्हणून वायरीची उघडी टोकं सॉकेटमध्ये काडीपेटीच्या काड्या खुपसून बसवणारे अजूनही भेटतात. त्यांना मी मशीन देत नाही.

सॉकेट मोठं दिसलं म्हणून मागची वायर जाड असेलच असं नाही. गावभागातल्या जुन्या वाड्यांत लाकडी पट्टीतून गेलेल्या बारीक वायरीवर वरून चकचकीत मॉड्युलर बोर्ड बसवलेला मी स्वतः उघडून पाहिला आहे. बाहेरून १६ लिहिलेलं, आत ट्यूबलाइटची वायर. बोर्ड न उघडता हे ओळखायची युक्ती सोपी आहे. डीबीतला (घरच्या सगळ्या लाइनी जिथून फुटतात त्या डब्यातला) एकेक एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) खाली पाडा आणि ते सॉकेट कशाने बंद होतं ते बघा. त्याच एमसीबीने हॉलचा पंखा आणि दिवेही गेले, तर ते सॉकेट दिव्यांच्या लाइनवर लटकवलेलं आहे. त्यावर मोठं मशीन लावू नका. गिझरसाठी किंवा स्वयंपाकघरात ओट्याजवळ स्वतंत्र लाइन ओढलेली असते; तिथं सहसा २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असते, कधी ४ ची. गिझर बंद करून तीच लाइन वापरा. फक्त बाथरूमच्या ओल्या फरशीवर उभं राहून नव्हे.

इन्व्हर्टर असलेल्या घरात आणखी एक गोष्ट बघायची. हॉलमधलं छोटं सॉकेट बऱ्याचदा इन्व्हर्टरच्या लाइनवर असतं. काम चालू असताना लाइट गेली तर ८५० वॅटचा ग्राइंडर घरच्या इन्व्हर्टरच्या गळ्यात पडतो. इन्व्हर्टर टूं-टूं करून बंद पडला तर नशीब समजा.

३. डीबीपुढे दोन मिनिटं उभे राहा

डीबीत दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक दोन्हींना एकच समजतात. एमसीबी जास्त करंट आणि शॉर्ट सर्किट यांपासून वायर वाचवतो. 'टी' अक्षराचं छोटं बटण असलेला तो आरसीसीबी. वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. करंट फेजने गेला आणि न्यूट्रलने तेवढाच परत आला नाही, म्हणजे वाटेत कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चालला, की तो तोडतो. घरात ३० मिलिअँपिअरचा हवा. एमसीबी माणसाला वाचवत नाही आणि नुसता आरसीसीबी जास्त लोडला हटकत नाही. दोन्ही हवेत. मशीन लावण्याआधी 'टी' दाबा. घर खटकन बंद झालं पाहिजे. नाही झालं तर आरसीसीबी नुसताच भिंतीला टांगलाय असं समजा आणि वायरमनला फोन करा.

एमसीबीवर 'सी १६' असं काहीतरी लिहिलेलं असतं. लोकांना वाटतं, सोळाच्या पुढे काटा गेला की हा पडणार. तसं होत नाही. नियमाप्रमाणे बनवलेला १६ चा एमसीबी १८ अँपिअरवर तासभर पडत नाही, आणि २३ अँपिअरवर पडायला त्याला तासाभराची मुभा आहे. 'सी' जातीचा एमसीबी पाच ते दहा पट करंट आला तरच झटक्यात पडतो. 'बी' जातीचा तीन ते पाच पटीला पडतो, म्हणून मोठी मोटार चालू करताना तो उगाच पडल्यासारखा वाटतो. अशा वेळी जाणकार वायरमन तेवढ्याच अँपिअरचा 'सी' बसवून देतो. अडाणी १६ काढून ३२ चा बसवतो. तेव्हापासून वायर जळेल पण एमसीबी पडणार नाही. जुन्या चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार गुंडाळण्याचा जुना उद्योग तो हाच.

४. अर्थिंग

पिन टॉपची मधली दांडी सगळ्यांत लांब आणि जाड असते. घालताना ती आधी लागते, काढताना शेवटी सुटते. हे अर्थिंग. मशीनच्या लोखंडी अंगाला आतून फेज चिकटला, तर करंटला तुमच्या हातापेक्षा सोपी वाट मिळावी म्हणून ते असतं. ज्या मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन काढलेला आहे, त्याला दुहेरी इन्सुलेशन असतं आणि त्याची वायर दोनच तारांची असली तरी चालते. बाकीच्यांना तिसरी तार हवीच. 'मधली दांडी आड येते' म्हणून ती कापून टाकलेलं पिन टॉप दिसलं की मी मशीन आत घेऊन ठेवतो.

जुन्या घरांत अर्थिंगची तार नळाच्या पाइपला बांधलेली असायची. पाइप लोखंडी होते तोवर ते कसंबसं चाललं. मधल्या काळात नळ प्लॅस्टिकचे झाले, तार तिथंच राहिली. तेव्हा तुमच्या घरात अर्थिंगची तार नक्की कुठं जाते ते एकदा शोधा. आपली काळी जमीन पावसाळ्यात अर्थिंगला झकास, पण एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची माती वाळून सोडून बसते. उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी खड्ड्यात ओता.

टेस्टर लावून अर्थिंग कळत नाही. टेस्टर फेज दाखवतो, बस्स. वायरमनकडून मल्टिमीटरने बघून घ्या. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळ आणि न्यूट्रल-अर्थमध्ये जेमतेम दोन-चार व्होल्ट आले, तर निदान तार कुठंतरी पोचते आहे. न्यूट्रल-अर्थमध्ये वीस-तीस व्होल्ट दिसले तर काम थांबवून कारण शोधायला सांगा.

५. एक्स्टेंशन : इथं मी स्वतः हात पोळून घेतलेत

धंद्याची सुरुवात होती. हरिपूर रस्त्याला एका घराच्या गच्चीवर ब्रेकर चालवायचा होता. माझ्याकडे तीस मीटरचा, चाकावर गुंडाळलेला एक्स्टेंशन होता. लागली तेवढी दहा मीटर वायर सोडली, वीस मीटर चाकावरच ठेवली. वीस मिनिटांनी रबर तापल्यासारखा वास आला. चाकाला हात लावला तर आतल्या पदरांची वायर एकमेकींना चिकटून तिची विटेसारखी लादी झालेली. एमसीबी पडला नव्हता. त्याने का पडावं? करंट त्याच्या मर्यादेतच होता.

हिशोब मी नंतर केला. ती वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची होती. तिला मीटरमागे साधारण ०.०२६ ओहमचा विरोध. तीस मीटर जाऊन तीस मीटर परत यायचं, म्हणजे दीड ओहमच्या वर. १० अँपिअर करंटला पंधरा-सोळा व्होल्ट वायरीतच गळतात आणि दीडशे वॅटच्या वर उष्णता तयार होते. ब्रेकर दहापेक्षा कमी घेतो, पण फोडताना सारखा दबत होता. लांब पसरलेली वायर ती उष्णता हवेत सोडून देते. गुंडाळलेली वायर ती पोटात साठवते. २.५ ची तीस मीटर वायर घेतली, तर तेवढ्याच करंटला पाच व्होल्टही गळत नाहीत. आणि करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हेही त्या दिवशी पाठ झालं.

तेव्हा एक्स्टेंशन घ्यायचा तर असा : तीन तारांची २.५ चौरस मिलिमीटरची लवचीक वायर, वर आयएसआयची खूण, एका टोकाला १६ चं पिन टॉप आणि दुसऱ्या टोकाला १६ चं एकच सॉकेट. चार-चार सॉकेटांची पांढरी पट्टी टीव्ही आणि कॉम्प्युटरसाठी असते. तिच्या आतली पत्र्याची पट्टी बघितलीत तर इस्त्रीसुद्धा लावणार नाही. एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडू नका. वापरताना पूर्ण उलगडा. दाराच्या फटीत चेपू देऊ नका, आणि चकतीच्या पुढून नव्हे तर तुमच्या पाठीमागून वायर आणा.

पिन टॉप स्वतः बदलणार असाल तर दोन गोष्टी. लवचीक वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. घरच्या वायरिंगमध्ये मात्र काळी न्यूट्रल असते आणि निळी कधीकधी फेजही असते. त्या सवयीने निळी तार फेजच्या दांडीला बसवू नका. आणि हिरवी-पिवळी तार आत बाकीच्या दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवा, म्हणजे वायर हिसकली गेली तरी अर्थ शेवटी सुटेल. तारेच्या केसांना पीळ देऊन स्क्रू घट्ट आवळा. टोकाला शिसं लावून आवळू नका. शिसं मऊ असतं, स्क्रूखाली दबत जातं आणि महिन्याभरात जोड सैल होतो. वायर धरून ठेवणारी छोटी पट्टी बसवायचा कंटाळा बहुतेक जण करतात. तो करू नका.

६. चालू करण्याआधी

गिझर, इस्त्री, पाण्याची मोटार, इंडक्शन शेगडी बंद. घरातल्यांना तसं सांगा. नाहीतर तुम्ही गच्चीवर फरशी कापत असताना खाली कुणीतरी मोटार सुरू करतं. मशीनचं बटण बंद आहे ना बघून मगच पिन टॉप लावा. बोर्डाचं बटण आधी, मशीनचं नंतर. मशीन पाच सेकंद मोकळं फिरू द्या, मग कामाला लावा.

व्होल्टेजही बघा. उन्हाळ्याच्या संध्याकाळी, वस्तीवर शेतीच्या मोटारी चालू असताना, डीमचा, म्हणजे व्होल्टेज उतरण्याचा, त्रास तुम्हाला माहीत आहेच. बारा-पंधराशे रुपयांचा मल्टिमीटर नको असेल, तर सॉकेटमध्ये घालायचा आकडे दाखवणारा छोटा व्होल्टमीटर घ्या. मशीन बंद असताना २२५ आणि चालू केल्यावर २१८ हे ठीक. चालू केल्यावर १९५ पर्यंत कोसळलं, तर वाटेत कुठंतरी वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे. कॉम्प्रेसर किंवा पाण्याच्या मोटारीसारखी बिनकार्बनची (आत घासणारे कार्बन ब्रश नसलेली) मोटार कमी व्होल्टेजवर उलट जास्त करंट खाते आणि वाइंडिंग जाळून घेते. ग्राइंडर, ड्रिल यांत कार्बन असतात. ती मशिनं मंदावतात, तुम्ही जोर लावता, आणि पुढचं वर सांगितलंच.

७. पाच मिनिटांनी पिनला हात

हा लेख मी ज्याच्यासाठी लिहिला ती पायरी ही. मोठं मशीन लावल्यावर पहिली पाच मिनिटं काम करा आणि थांबा. मशीन बंद, बोर्डाचं बटण बंद. पिन टॉप उपसा आणि तीनही दांड्यांना बोटांचा हलका स्पर्श करा. कोमट लागल्या तर चालेल. बोट ठेववत नसेल, किंवा तिघींत एकच तापलेली असेल, तर त्या सॉकेटवर आज काम नाही.

असं का? सैल चिमटीत दांडी पुरी टेकत नाही, दोन-चार ठिपक्यांवरच टेकते. तिथं अर्ध्या ओहमचा विरोध तयार झाला असं धरा. १० अँपिअर त्यातून गेले की त्या ठिपक्यावर ५० वॅट उष्णता. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांचं सोल्डरिंग २५ वॅटचं असतं आणि त्याने शिसं पाण्यासारखं वितळतं. इथं तशी दोन सोल्डरिंग तुमच्या भिंतीत, प्लॅस्टिकच्या डबीत चालू आहेत. तापल्याने पितळ काळं पडतं, चिमटीचा ताण जातो, जोड आणखी सैल होतो, आणखी तापतो. एमसीबीला यातलं काहीच कळत नाही, कारण करंट वाढलेलाच नाही. उलट किंचित कमी झालाय. आरसीसीबीलाही कळत नाही, कारण गळती नाही. डीबीतलं काहीही पडणार नाही आणि बोर्ड मात्र जळेल. अशा बिघाडाला डीबीत राखणदार नाही, म्हणून तुमचं बोट हवं.

नाकही कामाला ठेवा. जुन्या बेकेलाइटच्या बोर्डातून तापल्यावर सुकट भाजल्यासारखा वास येतो. घरात कुणी सुकट भाजत नसेल तर मेन बंद करून बोर्डाकडे जा. सॉकेटमधून चर्रर्र असा बारीक आवाज येणं, मशीन चालू असताना पंखा थरथरणं, ही त्याचीच भावंडं. अर्ध्या तासाने पुन्हा एकदा हात लावा; काही जोड उशिरा तापतात. आणि डाग पडलेलं पिन टॉप दुसऱ्या चांगल्या सॉकेटमध्ये घालू नका. काळवंडलेली दांडी नव्या चिमटीलाही बिघडवते. जळालेलं सॉकेट आणि ते पिन टॉप, दोन्ही एकदम बदलायची.

एमसीबी पडलाच तर एकदा वर करा, पण आधी मशीन सोडवून ठेवा आणि कारण शोधा. दुसऱ्यांदा पडला तर थांबा. बोटाने एमसीबी वर दाबून धरणारे कारागीर मी पाहिले आहेत. धरल्याने काही होत नाही, तो आतून पडलेलाच असतो. वाया जातो तो वेळ.

काम चालू असताना लाइट गेली तर आधी मशीनचं बटण बंद करा. ग्राइंडरला बटण अडकवून ठेवायची सोय असते. लोक ते अडकवतात, लाइट जाते, ग्राइंडर जमिनीवर ठेवून चहाला जातात. लाइट आली की ग्राइंडर एकटाच पळायला लागतो.

८. पाणी, भिंत आणि महापूर

मार्बल कटरला पाणी लागतं आणि कटर विजेवर चालतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसलेल्या घरात ओलं कापू नका. कोरडं कापा, धूळ खा, नाकाला मास्क बांधा, ते परवडतं. एक्स्टेंशनचा जोड जमिनीवर पाण्यात पडू देऊ नका, विटेवर किंवा स्टुलावर ठेवा. पायात रबरी चपला. मशीनवरून वायरीने ओघळणारं पाणी पिन टॉपपर्यंत जाऊ नये म्हणून जोडाआधी वायरीला खाली एक झोळ द्या. थेंब तिथंच गळतो.

भिंतीत भोक पाडताना बोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली ड्रिल लावू नका. वायरीचा पाइप सहसा तसाच उभा गेलेला असतो. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडा.

महापुराचं वेगळं सांगायला हवं, कारण हे आपल्या गावाचं दुखणं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये ज्या घरांत पाणी शिरलं, तिथं ओसरल्यावर सगळ्यांनाच एकदम मशिनं हवी होती. कुणाला गाळ धुवायला प्रेशर वॉशर, कुणाला फुगलेल्या फरशा काढायला ब्रेकर. पण पाणी बोर्डाच्या वर गेलेलं असलं, तर सॉकेटच्या चिमटीत गाळ बसलेला असतो आणि पाइपात पाणी साचलेलं असतं. वरून बोर्ड वाळलेला दिसतो. अशा घरात मीटरपासून पुढची वायरिंग मेगरने (वायरीचं इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासल्याशिवाय काहीही लावू नका. वायरमन ५०० व्होल्टच्या मेगरने बघेल. १ मेगओहमच्या खाली आलं तर लाइन अजून ओली आहे. बुडालेले एमसीबी, आरसीसीबी आणि सॉकेटं धुऊन वाळवून परत बसवू नका, नवी घ्या. आज इतक्या वर्षांनीही त्या पट्ट्यातल्या एखाद्या घरातून मशीन परत आलं की मी पिन टॉप आधी बघतो. तांब्याच्या जोडांवरचा हिरवा गंज लगेच मरत नाही.

९. वेल्डिंग मशीन

'छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग आहे, घरच्या पिनवर चालतं ना?' हा रोजचा प्रश्न. उत्तर रॉडवर आहे. बारा नंबरचा रॉड ८० अँपिअरवर चालवला, तर मशीन भिंतीतून १३-१४ अँपिअरच्या आसपास ओढतं. स्वतंत्र २.५ ची लाइन, घट्ट सॉकेट, थोडा वेळ जोडून थोडा वेळ थांबणं, एवढं असेल तर गेटची बिजागरी जोडून होईल. १६० अँपिअरवर नेलंत तर भिंतीतला करंट तिशीत जातो. कुठलंही घरगुती सॉकेट त्यासाठी नाही. वेल्डिंगवर दिसणारा आकडा रॉडचा असतो, भिंतीचा नव्हे. दोन्हींत गल्लत झाल्याने अनेक जण फसतात.

असं काम वारंवार असेल तर वायरमनकडून मीटरजवळून ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन, तिला साजेसा एमसीबी आणि इंडस्ट्रियल सॉकेट घालून घ्या. किती जाडीची वायर आणि किती अँपिअरचा एमसीबी, हे लांबी बघून तोच ठरवेल. त्याआधी महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार बघा. एक-दोन किलोवॅट मंजूर असताना पाच किलोवॅटचं मशीन चालवणं बरं नाही. भार वाढवायचा अर्ज करा. आणि घरगुती मीटरवर फॅब्रिकेशनचा धंदा करत असाल, तर तो २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो. स्वतःच्या गच्चीचं ग्रिल जोडणं वेगळं, शेजारच्या दहा घरांची ग्रिलं करून विकणं वेगळं.

१०. कुणाला शॉक बसला तर

त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा. मेन लांब असेल तर पिन टॉप उपसा, तेही जमत नसेल तर कोरड्या लाकडी दांड्याने वायर दूर करा. मग १०८ ला फोन. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भरभर दाबत राहा, मिनिटाला शंभर-एकशेवीस वेळा, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. माणूस उठून बसला आणि 'काही नाही झालं' म्हणाला तरी दवाखान्यात न्या. हृदयाचे ठोके नंतर बिघडू शकतात. बोर्डाने पेट घेतला तर मेन पाडण्याआधी पाणी मारू नका. बाहेरच्या तारेला किंवा खांबाला काही झालं असेल तर महावितरणचा नंबर १९१२.

११. काम संपल्यावर

वायरीला धरून पिन टॉप ओढू नका. वायर हाताभर मोठ्या वेटोळ्यांत गुंडाळा. कोपरावर आवळून गुंडाळलेली वायर आतून तुटते आणि बाहेरून कळत नाही. मशीनच्या हवेच्या जाळ्यांतून धूळ फुंकून काढा. फरशीची बारीक पूड आत साचली आणि तिला ओल लागली की मशीनच्या अंगावर करंट यायला सुरुवात होते. आणि माझ्याकडून नेलेलं मशीन परत आणाल तेव्हा पिन टॉप वर धरूनच दुकानात या. मी तेच आधी बघणार आहे.